कायद्याच्या दाराबाहेरचं लग्न



मागच्या काही भागांत आपण सातबाऱ्यावर बायकोचं नाव कसं लावायचं, वारस नोंद कशी करायची, हे पाहिलं. त्यानंतर ग्रामसंघाच्या बैठकांमधून आमच्याकडे एक प्रश्न यायला लागला. कुणी हसत विचारला, कुणी बाजूला घेऊन हळूच विचारला. “ताई, बाई-बाईचं लग्न आता कायद्यानं होतं का हो?” आम्ही समन्वयक बायकांनी ठरवलं, की या प्रश्नाला हसण्यावारी न्यायचं नाही. कायद्याचा प्रश्न आहे, तर उत्तरही कायद्याचंच द्यायचं, आणि तो कायदा कुठून आला तेही सांगायचं.

आधी उत्तर ऐका. आपल्या देशात दोन सज्ञान बायकांनी किंवा दोन सज्ञान पुरुषांनी जोडीनं राहणं हा गुन्हा नाही. मात्र त्यांच्या लग्नाची नोंद आज कोणत्याही कायद्याखाली होत नाही. गुन्हा नाही, पण नातंही नाही, अशा मधल्या जागेत ही माणसं उभी आहेत. ती तिथवर कशी आली, हे आज बघू.

एक शब्द आधी समजून घेऊ. ज्या बाईला जोडीदार म्हणून बाईचीच ओढ वाटते, किंवा पुरुषाला पुरुषाची, त्यांना समलिंगी म्हणतात. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच आजारांच्या यादीतून तो काढून टाकला. आपल्या देशातल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ मध्ये हेच जाहीर केलं. तृतीयपंथी व्यक्तींचा प्रश्न थोडा वेगळा आहे. त्यांच्यासाठी २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१९ चा कायदा आहे. त्यावर पुढं कधीतरी स्वतंत्र बोलू.

आता मागं जाऊ. लग्न म्हटलं की आपण म्हणतो, हे असंच चालत आलंय. पण तुमच्या-आमच्या आजीच्या आजीचं लग्न आणि आजचं लग्न, कायद्याच्या नजरेनं पाहिलं तर एक नाही.

मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावून दिलं होतं. मोठं झाल्यावर त्यांनी नवऱ्याच्या घरी नांदायला जायला नकार दिला. नवरा कोर्टात गेला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तो वाद मिटवावा लागला. पुढं त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटच्या दवाखान्यांत त्यांनी कितीतरी बायकांवर उपचार केले. त्या काळी बहुतेक वर्तमानपत्रं त्यांच्याविरुद्ध लिहीत होती. धर्म बुडाला, घरं मोडणार, असा ओरडा होता. आज ‘मला नांदायचं नाही’ म्हणणाऱ्या बाईला कुणी तुरुंगाची भीती घालू शकत नाही.

विधवेच्या लग्नाला कायद्यानं मान्यता मिळाली १८५६ मध्ये. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं १८७३ पासून भटजीशिवाय लग्नं लावली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय लग्नाला कायद्याचा आधार दिला. साऱ्या देशात हिंदूंमधल्या आंतरजातीय लग्नांना असा आधार मिळायला १९४९ उजाडलं. हिंदूंमध्ये एका नवऱ्यानं दोन-दोन बायका करणं आपल्या मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्यानं बंद झालं. १९५४ मध्ये विशेष विवाह कायदा आला. जात, धर्म काही न बघता, महिनाभर आधी नोटीस देऊन, रजिस्ट्रारसमोर लग्न करता येऊ लागलं. १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला आणि घटस्फोटाचा हक्क मिळाला. मुलीला बापाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला आणि सगळ्या देशानं २००५ मध्ये.

तमिळनाडूची गोष्ट तर खास सांगण्यासारखी आहे. तिथं पेरियारांच्या चळवळीत १९२० च्या दशकापासून लोक भटजीशिवाय, एकमेकांना हार घालून लग्न करू लागले. त्याला स्वाभिमान विवाह म्हणत. अशी कितीतरी जोडपी नांदली, पण १९५३ मध्ये मद्रास हायकोर्टानं सांगितलं, हे लग्न कायद्यात बसत नाही. म्हणजे बायको बायको ठरत नव्हती, पोरं वारस ठरत नव्हती. १९६७ मध्ये अण्णादुराई यांच्या सरकारनं कायदा दुरुस्त केला आणि आधी झालेल्या लग्नांनाही मान्यता दिली. माणसं आधी संसार करत होती, कायदा मागून आला.

आता समलिंगी माणसांकडे येऊ. पुष्कळ जणी म्हणतात, हे परदेशातून आलेलं खूळ आहे. परदेशातून आलं होतं खरं, पण ते म्हणजे बंदी घालणारा कायदा. इंग्लंडमध्ये १५३३ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या काळात असा कायदा झाला. इंग्रजांनी तो इथं आणला. १८६० मध्ये भारतीय दंड संहिता झाली आणि १८६२ पासून लागू झाली. तिच्यात कलम ३७७ होतं. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंध ठेवला तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. बायकांवर या कलमाखाली प्रत्यक्ष खटले फारसे झाले नाहीत. पण पोलिसांत देऊ, जेलात घालू, ही धमकी मात्र घरच्यांनी आणि गावानं भरपूर वापरली. गंमत बघा, इंग्लंडनं स्वतःचा कायदा १९६७ मध्ये बदलला आणि २०१४ पासून तिथं समलिंगी जोडप्यांची लग्नंही लागू लागली. त्यांनी दिलेलं ३७७ आपण मात्र २०१८ पर्यंत सांभाळलं.

त्याविरुद्ध बोलणारी माणसं आपल्या मातीतही होती. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक काढत. संततिनियमन, गुप्तरोग, शरीराबद्दलच्या शंका, यांवर ते सरळ उत्तरं देत. समलिंगी ओढीबद्दलचे प्रश्नही वाचक विचारत. अशा उत्तरांना अश्लील ठरवून १९३४ मध्ये कर्व्यांवर खटला भरला गेला. त्यांच्या बाजूनं मुंबईच्या कोर्टात कोण उभं राहिलं असेल? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. माणसं खरे प्रश्न विचारतात, त्यांना ज्ञानाच्या आधारानं उत्तर देणं अश्लील कसं, अशी त्यांची बाजू होती. तो खटला ते हरले, कर्व्यांना दंड भरावा लागला. पण नव्वद वर्षांपूर्वी, मराठी मासिकासाठी, असा वाद कोर्टात लढला गेला होता, हे आपल्याला माहीत असायला हवं. पुढं १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात अशाच एका मुलीची व्यथा मराठी रंगभूमीवर आणली.

आणि हे शिकलेल्या, श्रीमंत शहरी लोकांचंच आहे, असंही नाही. १९८७ च्या डिसेंबरची गोष्ट. शेजारच्या मध्य प्रदेशात सशस्त्र पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी देवळात एकमेकींना हार घातले. सरकारी पगारावर जगणाऱ्या साध्या घरातल्या बायका होत्या त्या. बातमी फुटली आणि १९८८ च्या सुरुवातीला दोघींना नोकरीवरून काढलं गेलं. त्यांनी चोरी केली नव्हती, कामात कसूर केली नव्हती. पगार गेला, वर्दी गेली, वर्तमानपत्रांत फोटो मात्र छापून आले.

३७७ विरुद्धची मोठी कोर्टाची लढाई २००१ मध्ये सुरू झाली. एड्सवर काम करणारी नाझ फाउंडेशन ही संस्था दिल्ली हायकोर्टात गेली. तिचं म्हणणं साधं होतं. पोलिसांच्या भीतीनं माणसं लपून राहतात, दवाखान्यात येत नाहीत, मग उपचार करायचे कसे? २ जुलै २००९ रोजी दिल्ली हायकोर्टानं निकाल दिला, की सज्ञान माणसांनी राजीखुशीनं, खाजगीत ठेवलेला संबंध गुन्हा नाही. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे आपल्या सोलापूरचे.

पण ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. असे लोक अगदी थोडे आहेत, असंही त्यात म्हटलं होतं. जरा विचार करा. चार वर्षं ज्यांनी आईबापांना, मैत्रिणींना खरं सांगून टाकलं होतं, त्या पुन्हा एका रात्रीत गुन्हेगार झाल्या.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं, की खाजगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे आणि हक्क मोजक्या लोकांचे असले म्हणून लहान होत नाहीत. त्यातून वाट निघाली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमतानं ३७७ मधला तो भाग रद्द केला. त्या पाचांत एकच बाई होत्या, न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा. त्यांनी निकालात लिहिलं, की या माणसांना आणि त्यांच्या कुटुंबांना इतकी वर्षं जे सोसावं लागलं, त्याबद्दल इतिहासानं त्यांची माफी मागायला हवी. १ जुलै २०२४ पासून जी नवी न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हे कलमच नाही.

गुन्हा पुसला गेला. पण लग्नाचं काय?

ते समजण्यासाठी आपण आपल्या कामातूनच बघू. गटात नवीन बाई आली की आम्ही फॉर्म भरतो. पतीचं नाव, वारसदाराचं नाव, वारसदाराशी नातं. लग्न या एका शब्दानं किती कागद आपोआप तयार होतात, ते आपल्या लक्षातही येत नाही. रेशनकार्डावर नाव लागतं. नवरा गेला तर बायको पहिली वारस होते. पेन्शन मिळते. नोकरीवर असताना गेला तर अनुकंपाचा अर्ज करता येतो. दवाखान्यात सही करता येते. सोडून दिलं तर पोटगी मागता येते. दोघांना मिळून मूल दत्तक घेता येतं. प्रेत ताब्यात घेऊन अग्नी देता येतो. ज्यांचं लग्न कायदा मानत नाही, त्यांना यातलं प्रत्येक काम वेगळ्या कागदानं, वेगळ्या विनवणीनं करून घ्यावं लागतं, आणि काही कामं तर होतच नाहीत.

आमच्या एका गटात दोघीजणी बारा वर्षं एका चुलीवर जेवतात. एक विधवा, दुसरी नवऱ्यानं टाकलेली, कागदोपत्री घटस्फोट न झालेली. दोघींच्या मिळून पाच शेळ्या आणि एक शिलाई मशीन. त्यांचं आपसातलं नातं काय, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि विचारायचं आम्हाला कारणही नाही. पण एकीचं गर्भपिशवीचं ऑपरेशन निघालं, तेव्हा दवाखान्यात सांगितलं, नातेवाईक आणा. बरोबर असलेली बाई नात्यात बसेना. चाळीस किलोमीटरवरून भाऊ संध्याकाळी आला, त्यानं सही केली, तेव्हा पुढचं झालं. त्या भावानं वर्षानुवर्षं घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

आणखी एक गोष्ट ऐका, ही सगळ्याच परित्यक्ता बायकांच्या कामाची आहे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिनं स्वतः कमावलेलं धन तिच्या मुलांना आणि नवऱ्याला जातं. घटस्फोट झाला नसेल तर टाकून देणारा नवराही वारसच असतो. म्हणजे त्या दोघींपैकी एकीचं काही बरंवाईट झालं, तर शेळ्यांत आणि मशीनमध्ये हक्क सांगायला तो येऊ शकतो. बारा वर्षं जिनं भाकरी थापली, तिचं नाव कुठंच नाही.

समलिंगी जोडपी हेच दुखणं घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२२ पासून वीसेक याचिका दाखल झाल्या. मागणी अशी, की १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात आमचीही लग्नं बसवून घ्या. सरकारनं विरोध केला. ही शहरातल्या उच्चभ्रू लोकांची मागणी आहे, असंही सरकारच्या कागदांत म्हटलं होतं. पण याचिका करणाऱ्यांत पंजाब आणि हरियाणातल्या छोट्या गावांतून आलेलं एक स्त्री-जोडपंही होतं आणि त्यातली एक मुलगी दलित समाजातली होती. अशा मुलामुलींच्या चारशेहून जास्त आईवडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. आमच्या डोळ्यांदेखत आमच्या लेकरांचं लग्न कायद्यानं झालेलं बघायचं आहे, असं त्यांचं मागणं होतं. पोरांना घराबाहेर काढणारे आईबाप आपण ऐकतो. लेकरांसाठी कोर्टाच्या दारात उभे राहणारेही आहेत, हेही ऐकून ठेवा.

१८ एप्रिल २०२३ पासून दहा दिवस सुनावणी चालली आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल आला. पाचही न्यायमूर्ती दोन गोष्टींवर एकमत होते. लग्न करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही आणि विशेष विवाह कायद्याचे शब्द बदलणं हे कोर्टाचं काम नाही, ते संसदेचं किंवा विधिमंडळाचं काम आहे. लग्न नाही तर निदान जोडीदारीला तरी कायद्यानं मान्यता द्यावी, यावर मतं फुटली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल बाजूनं होते, बाकीचे तिघे विरुद्ध. तीन विरुद्ध दोन असा तो निकाल झाला. दत्तकाबद्दलही तसंच. एकटी बाई मूल दत्तक घेऊ शकते, पण अशा जोडीला मिळून घेता येत नाही. तृतीयपंथी व्यक्तीचं लग्न मात्र, एक जोडीदार स्त्री आणि एक पुरुष म्हणून होत असेल, तर चालू कायद्यातच बसतं, हे सर्वांनी मान्य केलं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले.

म्हणजे हाती काहीच लागलं नाही का? तसंही नाही. या जोडप्यांच्या रोजच्या अडचणी बघायला समिती नेमू, असं सरकारनं कोर्टात सांगितलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये ती नेमली गेली आणि त्या वर्षी ऑगस्टपर्यंत काही पत्रकं निघाली. ती आपण नीट ऐकून घेऊ, कारण बँक मित्र, रेशन दुकान आणि आरोग्य केंद्र यांच्याशी आपलाच रोजचा संबंध येतो.

पहिलं, रेशन. अशा नात्यात एकत्र राहणाऱ्या जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरचे समजावं, असं केंद्र सरकारनं राज्यांना कळवलं. दुसरं, बँक. जोडखातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाच्या विभागानं जाहीर केलं. तिसरं, दवाखाना. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला प्रेत ताब्यात घेता यावं, यासाठी आरोग्य मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवलं.

ही पत्रकं आहेत, कायदा नाही. खिडकीतला माणूस “आमच्याकडे असं काही आलं नाही” म्हणू शकतो. म्हणून आम्ही सांगतो, की कागद आपले आपण करून ठेवा. हे समलिंगी जोडप्यांनाच नाही, नात्याबाहेरच्या माणसाच्या आधारानं राहणाऱ्या प्रत्येक बाईला लागू आहे. नॉमिनी नेमा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात, वारस नंतर मागू शकतात. मालकी द्यायची तर मृत्युपत्र हवं. ते साध्या कागदावर चालतं, स्टॅम्पपेपर लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करायचा आणि त्या दोघांनीही सही करायची. ज्याला काही देणार, त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी केली तर चांगलं, पण सक्ती नाही.

पैशांइतकाच जिवाचाही प्रश्न आहे. दोन मुली घर सोडून गेल्या की पहिलं काय होतं? हरवल्याची तक्रार होते, पोलीस शोधून आणतात, मुलीला कोंडतात, मारतात, घाईनं लग्न लावून देतात, कुठं कुठं बाबा-बुवाकडे नेतात.

२०२१ मध्ये असंच एक प्रकरण मद्रास हायकोर्टात आलं. मदुराईच्या दोन तरुणी पळून चेन्नईला गेल्या होत्या आणि संरक्षण मागत होत्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी सरळ सांगितलं, की हा विषय मला पुरता कळलेला नाही, माझ्याही मनात समजुती घर करून आहेत. त्यांनी आधी एका मानसशास्त्रज्ञांकडे बसून समजून घेतलं, समलिंगी माणसांशी बोलले, मुलींच्या आईवडिलांशीही बोलले आणि मग ७ जून २०२१ रोजी आदेश दिला. सज्ञान मुली स्वखुशीनं गेल्या असतील तर पोलिसांनी चौकशी करून तक्रार बंद करावी, त्यांना छळू नये. औषधं, शॉक किंवा बुवाबाजी करून कुणाला ‘सरळ’ करण्याचे उपचार बंद व्हावेत. पुढं डॉक्टरांच्या राष्ट्रीय आयोगानंही असे उपचार गैरवर्तन ठरवले. हायकोर्टाच्या न्यायमूर्तीला शिकायला कमीपणा वाटला नाही. आम्ही बैठकीत हा किस्सा मुद्दाम सांगतो.

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या सगळ्या कोर्टांना सांगितलं, की अशा मुलीला कोर्टात आणल्यावर आईबापांकडे परत जा म्हणून तिची समजूत घालायची नाही. तिला एकटीला, न घाबरवता विचारायचं आणि तिची इच्छा मानायची. मे २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टानं पंचवीस वर्षांच्या एका मुलीला घरच्यांच्या कोंडीतून सोडवून जोडीदारणीबरोबर जाऊ दिलं. लग्नाला मान्यता नसली तरी कुटुंब मनानं निवडता येतं, असं त्या निकालात आहे.

बाहेर काय चाललंय, तेही थोडक्यात सांगतो. नेदरलँड्समध्ये १ एप्रिल २००१ पासून अशी लग्नं लागतात, जगात सर्वात आधी. आशियात तैवाननं २०१९ मध्ये सुरुवात केली, थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून लग्नं लागतात. आणि आपला शेजारी नेपाळ? तिथं सर्वोच्च न्यायालयानं जून २०२३ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्या लग्नाची नोंद झाली. ती काठमांडूत नाही, लमजुंग जिल्ह्यातल्या एका गावपालिकेत झाली. म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या कचेरीत, गावातल्या कर्मचाऱ्याच्या हातानं.

बैठकांत आम्हाला विचारतात, “देवाधर्माचं काय?” लक्षात घ्या, कोर्टात मागणी विशेष विवाह कायद्याची होती. तो कायदा कोणत्याच धर्माचा नाही. कुठल्या देवळानं काय विधी करावेत, हा तो प्रश्नच नव्हता. दुसऱ्या म्हणतात, “मग सगळ्याच पोरी असं करतील.” मैत्रिणींनो, विधवेच्या लग्नाचा कायदा झाला म्हणून कुणी विधवा झालं नाही. ज्यांना गरज होती, त्यांची सोय झाली, बाकीच्यांचं काही गेलं नाही. आणि एक गोष्ट आपण रोज बघतो. मनाविरुद्ध बोहल्यावर चढवलेल्या मुलीचा संसार कसा होतो? त्यात ती एकटी जळत नाही. ज्याच्याशी लग्न लावलं, त्या मुलाचंही आयुष्य जातं.

तुमच्या गावात असं कुणी असेल तर ती तुम्हाला येऊन सांगेलच असं नाही. सांगितलं तर ते चावडीवर न्यायचं नाही, ही पहिली मदत. मारहाण, कोंडून ठेवणं, जबरदस्तीचं लग्न असेल तर ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर फोन लावायचा. कायद्याची मदत हवी तर १५१०० हा क्रमांक आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते आणि कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, तिथं वकील मोफत मिळतो. मृत्युपत्र कसं लिहायचं तेही तिथं विचारता येतं.

येत्या मासिक बैठकीत प्रत्येक गटानं एक काम करायचं आहे. सभासदांच्या बँक पासबुकावर आणि विम्याच्या कागदावर नॉमिनी कोण आहे, ते एकेकीनं वाचून दाखवायचं. ज्यांच्या कागदावर अजून टाकून दिलेल्या नवऱ्याचंच नाव असेल, किंवा जिच्या आधारानं आपण राहतो तिचं नाव नसेल, त्यांनी बदलाचा फॉर्म मागून घ्यायचा. फॉर्म भरायला आम्ही येतो. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं, ते तिनं ठरवायचं.

पुढच्या भागात मृत्युपत्राचा नमुना वाचून दाखवू. कागद-पेन जवळ ठेवा. नमस्कार.